हे मागितलं कोणी होतं?

जानेवारीत कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. पुण्याची एक कंपनी कॅम्पसला येणार होती आणि पोस्ट दोन होत्या. एक डेव्हलपर, दुसरी बिझनेस ॲनालिस्ट. त्या रात्री मेसमध्ये दुसऱ्या पोस्टवरच जास्त चर्चा झाली. ‘म्हणजे नेमकं करायचं काय असतं रे?’ असं एकाने विचारलं आणि मग हॉस्टेलच्या पद्धतीप्रमाणे ज्याला माहीत नाही त्यानेच आधी उत्तर दिलं. एक म्हणाला, ‘ज्याला कोडिंग जमत नाही त्याच्यासाठी असते ती पोस्ट.’ दुसरा म्हणाला, ‘इंग्लिश फाडफाड पाहिजे, बाकी काही नको.’ तिसरा ‘एम.बी.ए. शिवाय कोणी दारात उभं करत नाही’ असं म्हणून ताट घेऊन उठला. मी गप्प होतो. माझं कोडिंग बेताचं, इंग्लिश त्याहून बेताचं, आणि तरीही मी त्याच पोस्टला नाव दिलेलं होतं.

मित्रांनो, निकाल आधीच सांगून टाकतो. माझी निवड झाली नाही. मग निवड न झालेल्या माणसाने करिअरवर लेख लिहावा का? मला वाटतं, लिहावा. निवड झालेल्यांचे फोटो बोर्डावर लागतातच. कुठे चुकलं ते सांगणारा बोर्ड मात्र आपल्या कॉलेजात नाही.

इंटरव्ह्यू घ्यायला एक मॅडम होत्या. सुरुवात नेहमीसारखीच झाली. ‘हिंगोली कुठे आलं?’ मी म्हटलं, ‘नांदेडजवळ.’ आपल्यापैकी प्रत्येक जण हेच सांगतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा आपला स्वतंत्र जिल्हा आहे, पण पुण्याच्या माणसासमोर आपण त्याला नांदेडच्या पदराआड लपवतो. असो. मग प्रोजेक्टचा विषय निघाला. आमच्या ग्रुपने हळदीचे बाजारभाव दाखवणारं मोबाईल ॲप केलं होतं. मी वसमत तालुक्यातला, म्हणून विषय मीच सुचवलेला. मी पाठ केलेलं सगळं बोललो. लॉगिन, डॅशबोर्ड, भावाचा आलेख, नोटिफिकेशन. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘हे मागितलं कोणी होतं?’

मी म्हटलं, ‘शेतकऱ्यांनी.’

‘किती शेतकऱ्यांशी बोललात?’

मी गप्प. आमच्या रिपोर्टमध्ये शेतकऱ्यांची गरज या विषयावर सव्वा पान मजकूर होता. तो सगळा नेटवरून घेतलेला होता.

‘तुमच्या घरी काय पिकतं?’

‘हळद.’

‘मग ती घरातून निघून पैसे हातात येईपर्यंत काय काय होतं, ते क्रमाने सांगा.’

मला वाटलं, सुटलो. हे तर लहानपणापासून बघतोय! मी सुरू केलं. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश, मग पोती भरून मोंढ्यात. ‘मोंढ्यात गेल्यावर?’ लिलाव. ‘लिलावाच्या आधी गाडी किती वेळ उभी असते? माप कधी होतं? पट्टीवर कशाकशाची वजावट असते? पैसे त्याच दिवशी मिळतात का?’ मला एकाचंही उत्तर धड देता आलं नाही. बावीस वर्षं ज्या हळदीवर जगलो, जिच्या पैशावर हॉस्टेलची फी भरली, ती मोंढ्याच्या फाटकातून आत गेल्यावर तिचं काय होतं, हे मला माहीतच नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘या कामाला तेवढंच लागतं हो.’

पुढे महाशिवरात्रीला गावी गेलो. औंढ्याची यात्रा आणि हळद वाळवायचे दिवस आपल्याकडे साधारण एकाच सुमारास येतात. अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला जिकडे बघाल तिकडे पिवळं वाळवण. संध्याकाळी आबांना मोबाईलवर आमचं ॲप दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. आलेख वर जाताना, खाली येताना बघितला. मग म्हणाले, ‘चांगलं हाय. पण भाव तर सकाळीच व्हॉट्सॲपवर येतो की. समद्यायला माहीत असतो.’

मी विचारलं, ‘मग तुम्हाला काय पाहिजे?’

हा प्रश्न मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होतो. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला हे सांग, आज गाडी भरली तर माप उद्या व्हईल का परवा? सीझनला रांग लागते. गाडी उभी ऱ्हायली की भाडं चालू. दोन रात्री तिथंच काढाव्या लागतात. भाव शंभर रुपयानं जास्त भेटला अन् तेवढंच भाड्यात गेलं, तर काय कामाचा?’

मी वही काढली. त्या रात्री दोन तास आबा बोलत होते आणि मी लिहीत होतो. आमच्या गावाहून वसमत, हिंगोली आणि नांदेड हे तिन्ही बाजार गाठता येतात. कुठे न्यायची, हे ते कसं ठरवतात? नुसत्या भावावर नाही. कोणत्या बाजाराला कोणत्या दिवशी सुट्टी आहे, गाडीवाला कोण मिळतोय, कोणत्या आडत्याकडे मागचा हिशेब बाकी आहे, बरोबर शेजारचा माल जातोय का म्हणजे भाडं अर्धं पडेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सोसायटीचं पीककर्ज. ते ३१ मार्चच्या आत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाव पडलेला असला तरी थोडी हळद विकावीच लागते, बाकीची ठेवता येते. म्हणजे आबांचा खरा प्रश्न ‘आज भाव काय’ हा नव्हताच. तो होता, ‘किती पोती, कोणत्या दिवशी, कोणत्या बाजारात?’ आम्ही चार जणांनी सहा महिने खपून त्यांनी कधीच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रंगीत आलेखात काढून ठेवलं होतं.

तेव्हा मला कळलं की बिझनेस ॲनालिस्ट काय करतो. ज्याला काम करून पाहिजे तो एका बाजूला, काम करणारा प्रोग्रामर दुसऱ्या बाजूला, आणि हा मधे. पहिल्याला कॉम्प्युटरची भाषा येत नाही, दुसऱ्याला धंद्याची येत नाही. मधल्याने दोन्हीकडचं समजून घ्यायचं. आज काम कसं चालतं ते क्रमाने लिहायचं, अडतं कुठे ते शोधायचं, काय बदललं तर अडणार नाही ते ठरवायचं आणि प्रोग्रामरला शंका उरणार नाही अशा शब्दांत मांडायचं. त्या लिखाणाला बी.आर.डी. म्हणा, युजर स्टोरी म्हणा, यूज केस म्हणा, कंपनीप्रमाणे नाव बदलतं. शेवटी तयार झालेली वस्तू ज्याने मागितली त्याच्यासमोर ठेवून ‘हेच पाहिजे होतं ना?’ असं विचारायचं. त्याला युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतात. आम्ही ते महाशिवरात्रीला केलं. म्हणजे रिपोर्ट बाईंड करून झाल्यावर!

कुणाला वाटेल, एका कॉलेज प्रोजेक्टचं एवढं काय? तर आपल्याच राज्यातलं मोठं उदाहरण बघा. मला यात राजकारण बोलायचं नाही, फक्त कामाची रचना बघायची आहे. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ होणार होतं. त्यासाठी शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता आणि कुटुंब हा एक घटक धरलेला होता. लोक नवरा-बायको मिळून सेवा केंद्राबाहेर रांगेत उभे राहिले. अर्जातली माहिती आणि बँकेतली माहिती एकमेकांशी जुळवण्यात बराच काळ गेला. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. तिच्यात दोन लाखापर्यंतचं कर्ज होतं आणि अर्जच नव्हता. कर्ज कुणाचं किती, हे बँकेला माहीत आहे, मग ते शेतकऱ्याला परत का विचारायचं? बँकांनी माहिती दिली, गावात याद्या लागल्या, शेतकऱ्याने जाऊन आधार प्रमाणीकरण केलं. दोन्ही योजनांच्या अटी वेगळ्या, काळ वेगळा, अडचणी दुसरीतही आल्या असतील. पण ‘ही माहिती आधीच कुणाकडे आहे?’ या एका प्रश्नाने किती माणसांची रांग वाचते ते लक्षात घ्या. तो प्रश्न विचारण्यासाठी कोडिंग लागत नाही. पण तो विचारला गेला नाही तर कितीही चांगलं कोडिंग करून उपयोग नाही.

आता मेसमधल्या तीन मतांकडे वळतो.

कोडिंग न जमणाऱ्यांची पोस्ट, हे अर्धंच खरं आहे. रोज प्रोग्राम लिहावा लागत नाही हे बरोबर. पण डेटाबेसमध्ये काय असतं, एस.क्यू.एल. ने ते कसं बाहेर काढायचं, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल कसं करायचं, प्रोसेसची आकृती कशी काढायची, एवढं यावंच लागतं. आणखी एक, बऱ्याच जाहिरातींत नाव बिझनेस ॲनालिस्टचं असतं आणि काम डेटा ॲनालिस्टचं, म्हणजे आकडे काढून रिपोर्ट बनवायचं. वाईट काहीच नाही, पण जाहिरातीचं नाव वाचून थांबू नका, खालचं काम वाचा.

एम.बी.ए. शिवाय होत नाही, हेही पूर्ण खरं नाही. मात्र फ्रेशरला ही पोस्ट सरळ क्वचितच मिळते, हे मान्य करायला पाहिजे. कारण उघड आहे. बँकेचं काम कसं चालतं हे ज्याने बघितलेलं नाही, त्याला बँकेच्या साहेबांसमोर कोण बसवणार? म्हणून पुष्कळ जण टेस्टिंगमधून येतात, सपोर्टमधून येतात, ई.आर.पी. बसवणाऱ्या टीममधून येतात, काही जण आधी बँकेत किंवा विम्यात नोकरी करून येतात. सपोर्टला आपल्याकडे कमी लेखतात. पण दिवसभर ग्राहकाची तक्रार ऐकणाऱ्या मुलाला सॉफ्टवेअर कुठे चुकलंय हे आधी कळतं.

सर्टिफिकेटबद्दल ज्युनिअर मुलं नेहमी विचारतात. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस ॲनालिसिस ही संस्था कॅनडात २००३ साली निघाली. या विषयाचं बॅबॉक नावाचं मार्गदर्शक पुस्तक तिचंच. तिची ई.सी.बी.ए. ही परीक्षा अनुभवाशिवाय देता येते. वरची सी.बी.ए.पी. द्यायची तर साडेसात हजार तासांचा अनुभव मागतात. हा आकडाच बघा. त्या संस्थेलाही माहीत आहे की हे काम पाठ करून येत नाही. तेव्हा घरून पैसे मागवून सर्टिफिकेट घेण्याआधी एक वही आणा, असं मी म्हणेन.

आणि इंग्लिश? हा आपला जुना दुखरा दात. लिहिण्यापुरतं, मीटिंगमध्ये मुद्दा मांडण्यापुरतं इंग्लिश लागतं आणि ते मेहनतीने येतं. त्याला पर्याय नाही. पण त्या रात्री आबांकडून जे कळलं ते इंग्लिशमध्ये विचारून कळलं असतं का? आबा ज्या बोलीत बोलले ती मला येत होती म्हणून ते मोकळे झाले. ‘पट्टी’, ‘बीट’, ‘कांडी’, ‘गड्डा’ हे शब्द मला समजावून सांगावे लागले नाहीत. सेनगाव-कळमनुरीच्या मुलाला सोयाबीनची मळणी माहीत असते, कुणाचे वडील एस.टी. त कंडक्टर असतात, कुणाची आई अंगणवाडीत रजिस्टरं भरते, कुणाचं किराणा दुकान असतं. म्हणजे प्रत्येकाच्या घरात एक चालता धंदा किंवा कचेरी आहे. हे भांडवल आपल्याकडे फुकट पडलेलं आहे आणि आपण इंटरव्ह्यूला जाताना तेच खोलीवर ठेवून जातो. तिथे आपण ऑनलाइन शॉपिंगचं उदाहरण देतो, कारण ते सगळ्यांनी दिलेलं असतं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मातीची ओळख सरकारी कागदावर आली, आपल्या बायोडेटावर मात्र अजून आलेली नाही.

आता एक शंका राहिली आणि ती खरी आहे. एक मित्र म्हणाला, ‘आता ए.आय. आहे. दोन मिनिटांत बी.आर.डी. लिहून देतं. तुझी पोस्टच राहणार नाही.’ मी करून बघितलं. हळद उत्पादक शेतकऱ्यासाठी ॲपच्या गरजा लिही, असं चॅटजीपीटीला सांगितलं. छान इंग्लिशमध्ये लांबलचक यादी आली. पहिल्या क्रमांकावर काय होतं माहिताय? बाजारभाव दाखवणे. म्हणजे आमच्याच ग्रुपचा पाचवा मेंबर! रांगेत उभ्या गाडीचं भाडं त्यात कुठेच नव्हतं, कारण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते आबांच्या डोक्यात होतं. लिहिण्याचं काम मशीनने घेतलं तर घेऊ दे, ते घेईलच. नुसतं टेबलावर बसून लिहिणाऱ्याला त्यामुळे धोका आहे, हेही मी नाकारत नाही. पण ओट्यावर जाऊन विचारण्याचं काम अजून माणसाचंच आहे.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. एक विद्यार्थ्यांना. या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम निवडा. मोठं नको. दूध डेअरीवर दूध कसं मोजलं जातं, रेशन कसं वाटलं जातं, आपल्या मेसचा महिन्याचा हिशेब कसा होतो. ते काम करणाऱ्या माणसाजवळ बसा. कोण, काय, कधी, कशाच्या आधारावर आणि चुकलं तर काय होतं, एवढं लिहा. मग त्यालाच वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘असं नाही, इथं चुकलं.’ ते दुरुस्त करा. तो ‘हां, बराबर’ म्हणेपर्यंत सोडू नका. ती चार पानं इंटरव्ह्यूला घेऊन जा.

दुसरी विनंती आमच्या सरांना आणि मॅडमना. सर, दर वर्षी आपल्या कॉलेजात लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमचे दोन-तीन प्रोजेक्ट तरी होतात. पण आपल्या लायब्ररीतले काका त्यातलं एकही वापरत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारायलाच गेलेलं नाही. चूक आमचीच आहे, आम्हाला सोपं पडतं. पण एक नियम केलात तर आम्हाला पळवाट राहणार नाही. प्रोजेक्टचा विषय मंजूर करताना एक पान जास्त मागा. ज्याच्यासाठी प्रोजेक्ट करायचा त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, मराठीत चालेल, आणि खाली त्याची सही किंवा अंगठा. आणि शेवटच्या व्हायव्हाला त्याच माणसाचं दुसरं पान, ‘मला हे उपयोगी पडलं’ किंवा ‘पडलं नाही’. ‘पडलं नाही’ असं आलं तरी मार्क कापू नका. का पडलं नाही, हे ज्याला सांगता येईल त्याला उलट जास्त द्या. तसा नियम आमच्या वेळी असता तर आमचा आलेख पहिल्याच महिन्यात रद्द झाला असता आणि पाच महिने वाचले असते.

माझं म्हणाल तर मला एका छोट्या कंपनीत टेस्टिंगची नोकरी मिळाली आहे. पगार सांगण्यासारखा नाही. बिझनेस ॲनालिस्ट व्हायला किती वर्षं लागतील आणि होईन की नाही, ते आज सांगता येत नाही. ॲप आम्ही परत पहिल्यापासून लिहायला घेतलंय, या वेळी आलेख नाही. तीन बाजार, सुट्टीचे दिवस, गाडीभाडं आणि ३१ मार्च, एवढंच. परवा आबांना फोनवर अर्धा तास विचारत होतो. शेवटी ते म्हणाले, ‘अरे, शिकायला तू गेला होतास का मी?’

पटलं तर बघा, मित्रांनो. नाही पटलं तर रूमवर या, चहा घेता घेता भांडू. पण येताना वही घेऊन या.

— अंतिम वर्ष, कॉम्प्युटर